पळत्या हरणावर बार

मॅडिसन, विस्कॉन्सिन
कोजागरीनंतरचा रविवार

चि. बाळ्यास,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, पळत्या हरणावर बार टाकायचा की नाही?" मी म्हणालो, "नाही." तू म्हणालास, "बस्, एवढंच?" आणि तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू झाली. एवढंच नाहीये, म्हणून लिहायला बसलो. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, आणि यातलं काही सांगताना तू समोर नसलेलाच बरा.

ऑफिसातल्या मंडळींनी तुला त्यांच्या डिअर कॅम्पला बोलावलं ही साधी गोष्ट नाही. इथली माणसं लग्नाला सहज बोलावतील, कॅम्पला बोलावत नाहीत. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस हे आख्खं राज्य नारिंगी कपडे घालून रानात जातं. त्या दिवसांत प्लंबर मिळत नाही, मेकॅनिक मिळत नाही. तुला त्यात जागा मिळाली, याचा मला आनंद आहे. हंटर एज्युकेशनचा कोर्सही तू मन लावून केलास. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे तो सक्तीचा. माझा जन्म त्याआधीचा, मला सूट होती, तरी मी केला आणि तुझ्याएवढ्या पोरांबरोबर बाकावर बसलो. पण त्या कोर्सात पळत्या हरणाचा विषय दहा मिनिटांत उरकतात. कॅम्पवर मात्र तो रोज रात्री निघतो, बिअरबरोबर. तिथे कुणीतरी तुला सांगेल की उभं हरीण काय कुणीही मारेल, खरा नेमबाज तो, जो पळतं पाडतो. त्या रात्रीसाठी हे पत्र.

तू आकड्यांचा माणूस, म्हणून आधी आकडे. तुझ्या .३०८ रायफलच्या नळीतून गोळी सेकंदाला २,८०० फुटांच्या आसपास वेगाने निघते. १०० यार्डांवर पोचायला तिला साधारण ०.११ सेकंद लागतो. आपल्याला वाटतं, म्हणजे काहीच नाही. आता पांढऱ्या शेपटीचं हरीण जीव घेऊन पळायला लागलं की तासाला ३० मैल सहज गाठतं. सेकंदाला ४४ फूट. गुणाकार कर. गोळी पोचेपर्यंत हरीण जवळजवळ पाच फूट पुढे गेलेलं असतं. छातीवर नेम धरून चाप ओढलास तर गोळी त्याच्या ढुंगणामागून जाईल. मागून पाडस येत असेल तर त्याला लागेल. नोव्हेंबरात मादीमागे बहुधा कुणी ना कुणी असतंच.

मग पाच फूट पुढे नेम धरायचा? धर. पण तो नेम हरणावर नाही, हवेवर आहे. आणि पाच फूट तरी कुठे पक्के? वेग २० मैल असेल तर सव्वातीन फूट, दुडक्या चालीला वीस इंच. किती वेगाने पळतंय हे तुला कोण सांगणार? काळीज-फुप्फुसाची जागा म्हणशील तर आठ-दहा इंच, एका बशीएवढी. शिवाय हरीण रुळावरून धावत नाही. ते उड्या मारतं, मधेच वळतं, तिरकं होतं, आणि तुझ्या-त्याच्या मधे ओकची झाडं आणि झुडपं एकामागून एक सरकत असतात. अरे, रमतगमत चालणारं हरीणसुद्धा तेवढ्या वेळात सहा इंच पुढे जातं. सहा इंचांत फुप्फुस चुकतं आणि पोट लागतं. म्हणून चालत्या हरणालाही मी आधी थांबवतो. कसं, ते पुढे सांगतो.

कॅम्पवर कुणी फारच बढाया मारायला लागला तर त्याला ऑलिम्पिकची गोष्ट सांग. १९०८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये 'पळतं हरीण' नावाची नेमबाजीची स्पर्धा होती. ११० यार्डांवर हरणाच्या आकाराचं लक्ष्य चार सेकंदांत ७५ फूट सरकायचं. म्हणजे तासाला १३ मैल देखील नाही. सरळ रेषेत, सपाटीवर, मधे झाड नाही, झुडूप नाही, कधी येणार कुठून येणार सगळं ठाऊक. ऑस्कर स्वान नावाचा ६० वर्षांचा स्वीडिश माणूस सुवर्णपदक घेऊन गेला. गुण किती? ४० पैकी २५. जगातल्या पहिल्या नंबरचे. आणि लक्ष्याला पोटात गोळी लागली तर ते रात्रभर कुठल्या नाल्यात पडून राहत नाही.

आता तुझ्या आईलाही ठाऊक नसलेली गोष्ट.

माझा पाचवा सीझन. सॉक काउंटीत, बाराबूच्या टेकड्यांजवळ, एका ओळखीच्याच्या शेतावर. (आल्डो लिओपोल्डचं खोपटं याच भागात. त्याचं 'सँड काउंटी अल्मनॅक' तुला मागच्या दिवाळीला दिलंय, ते उघडलेलं नाहीस हे मला माहीत आहे.) पहिले दोन दिवस कोरडे गेले होते, म्हणून सोमवारी सगळ्यांनी हाका घालायचं ठरवलं. चौघं मक्यातून चालत येणार, आम्ही तिघं पलीकडच्या बांधाला उभे. मका काढणीविना उभा होता, वाळलेला, वाऱ्यावर खडखडत होता. त्या खडखडाटातून तीन माद्या एकदम फुटल्या, शेपट्या उभ्या, माझ्यापासून ऐंशी यार्डांवर आडव्या. मी तीन बार काढले. दुसऱ्या बाराला मधल्या मादीची शेपटी खाली पडली आणि पाठ कमानीसारखी वर आली. बाकीच्या दोघींमागे तीही रानात शिरली.

मागून टाळ्या वाजल्या बघ. "नाइस शॉट!" कुणीतरी पाठीवर थाप मारली. ती थाप मला आवडली, हे लपवत नाही. तोवर मला तिथे कुणी थाप मारली नव्हती.

जिथे ती होती तिथे गेलो. रक्त फारसं नव्हतं. मक्याच्या एका पानावर थोडे पांढरे, आखूड केस आणि हिरवट-तपकिरी काहीतरी चिकटलेलं. वास घेतला. गोठ्यात रवंथ करणाऱ्या गाईच्या तोंडाजवळ येतो तसा, पण आंबलेला. पोटात लागली होती. शेतमालक म्हातारा माझ्या हातातलं पान बघून एवढंच म्हणाला की आता घरी जा, जेव, रात्री उशिरा किंवा उद्या सकाळी बघू. बरोबर होतं त्याचं. पोटात गोळी लागलेलं हरीण लांब जात नाही, शंभर-दोनशे यार्डांवर बसतं. त्याला आठ-दहा तास बसू द्यायचं, ते तिथेच मरतं. पण संध्याकाळी पाऊस सांगितला होता. माग धुऊन गेला तर? आणि खरं सांगू, मला ती टाळ्यांची गोष्ट त्याच दिवशी पुरी करायची होती. अर्ध्या तासात मी आत शिरलो.

दीडशे यार्डांवर गवतात बसल्याची जागा सापडली. गवत गोल दबलेलं, मधे काळपट रक्त, थोडं हिरवं. हात ठेवला. जागा गरम होती. माझ्या पावलांनी ती नुकतीच उठून गेली होती. पुढे तारेचं कुंपण, तारेवर चार केस, आणि पलीकडचं रान दुसऱ्याचं. इथल्या कायद्यात जखमी जनावरामागेही मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. त्याच्या दारात गेलो, घरात कुणी नव्हतं. पाऊस रात्री आलाच. सकाळी नऊला मालक भेटला, भला माणूस, स्वतः बरोबर आला. ती ओढ्यात सापडली, पुढचे पाय पाण्यात. पोटात लागलं की जनावर पाण्याकडे जातं. मागचा भाग कोल्ह्यांनी, म्हणजे इथल्या कायोटींनी, खाल्लेला. रात्री कधी मेली, आधी मेली की त्यांनी मारली, देव जाणे. मांस एक पौंड वापरता आलं नाही. माझा टॅग, म्हणजे हरणाचा परवाना, त्या मादीवर संपला, आणि त्या वर्षी मी परत रानात गेलो नाही.

माझ्या कॅम्पमधल्या कुणालाही यात दोष देऊ नकोस. चाप माझ्या बोटाखाली होता.

आप्पांची एक गोष्ट मला त्या ओढ्याकाठी आठवली. तुझ्या आजोबांची पडवीतली ती दुनळी तू पाहिली आहेस. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची, एवढंच तिचं काम तुझ्या वेळेपर्यंत उरलं होतं. १९७२चा वन्यजीव कायदा यायच्या आधी मात्र ते परवाना काढून चांद्याच्या रानात जात. तिथेही हाके असत. गावातली पन्नास माणसं डबे बडवत रान झोडपायची आणि साहेब लोक मचाणावर. अशाच एका हाक्यात आप्पांनी पळत्या सांबरावर एलजीचे छर्रे झाडले. मागचा पाय मोडला, सांबर गेलं. पाचव्या दिवशी गिधाडं उतरली तेव्हा कळलं कुठे गेलं ते. आप्पा म्हणायचे, हाक्यातलं जनावर तुमच्याकडे येत नसतं, माणसांपासून पळत असतं. मचाणावरचा फक्त वाटेत येतो. पुढे ते हाक्याला गेले नाहीत. पायी माग काढत जायचे आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने यायचे. आई म्हणायची, ते रानात फिरायला जातात, बंदूक नुसती सोबतीला. लहानपणी मला ही गोष्ट भित्र्या माणसाची वाटायची.

तू म्हणशील, युरोपात तर पळत्या जनावरांवर सर्रास बार टाकतात. टाकतात. स्वीडनमध्ये परीक्षेतच पळत्या मूसच्या लक्ष्यावर गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात, जर्मनीत लोक सिनेमासारख्या पडद्यावर वर्षभर सराव करतात. पण तिथे मूस किंवा हरीण जखमी झालं तर दोन तासांच्या आत माग काढणारं शिकवलेलं कुत्रं त्या जागी पोचवता आलं पाहिजे, असा स्वीडनचा नियम आहे. आपण त्यांचा बार तेवढा उचलतो, सराव नाही आणि कुत्रंही नाही. इथलेही काही जुने शेतकरी आहेत, लहानपणापासून हातात .३०-३०ची लिव्हर-अ‍ॅक्शन, चाळीस यार्डांच्या आत, ओळखीच्या रानात. त्यातल्या दोघांना पळतं हरीण जागेवर पाडताना मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना मी शिकवायला जाणार नाही. तू मात्र आजवर कागदावर गोळ्या झाडल्या आहेस, आणि कागद खिळ्याने ठोकलेला असतो.

हे झालं हरणाचं. मला त्याहून जास्त काळजी माणसांची आहे. उभ्या हरणावर नेम धरतोस तेव्हा नळी एका जागी असते, आणि मागे टेकडी आहे की रस्ता, हे तू आधीच पाहिलेलं असतं. पळत्या हरणामागे नळी फिरते. डोळा हरणावर खिळतो, मागचं सगळं पुसट होतं. पंचेचाळीस अंश फिरलास की तुझ्या गोळीसमोर कोण आहे, हे तुला ठाऊक नसतं. हाक्यात तर ती चार माणसं तुझ्याच दिशेने चालत येत असतात. या रायफलची गोळी तीन मैलांपर्यंत जाऊ शकते. ऐंशी यार्डांवर हरीण चुकलं म्हणून ती काही तिथे थांबत नाही. हाक्यात आपल्याच माणसाला गोळी लागल्याच्या नोंदी इथल्या अपघातांच्या अहवालांत वारंवार सापडतात. लागलेला बहुधा मित्र नाहीतर भाऊ असतो. दशरथाने पाण्याचा आवाज ऐकून बाण सोडला, त्यालाही समोर हत्तीच दिसत होता.

म्हणून हाका असेल त्या दिवशी तू हाकाऱ्यांत जा. नवख्याने तेच करावं, कुणी हसणार नाही. उभं राहायची वेळ आलीच तर आधी विचार: हाकारे कुठून येणार, कुठे थांबणार, आणि मी कुठल्या दिशेला अजिबात बार टाकायचा नाही. ती दिशा एखाद्या झाडाने मनात पक्की कर. त्या झाडापलीकडे सोन्याचं हरीण आलं तरी नळी जायची नाही. आणि जमलं तर म्हाताऱ्या मंडळींना गळ घाल की आरडाओरडा करून चौघांनी रान झोडपण्यापेक्षा दोघांनी वाऱ्याच्या बाजूने गुपचूप, थांबत थांबत चालावं. हरीण तेव्हा उधळत नाही. ते माणसाच्या पुढे शंभर यार्ड राखून चोरपावलांनी सरकतं, वळून वळून मागे बघतं, आणि बघताना उभं राहतं. मला गेल्या पंधरा वर्षांत हाक्यातली जी काही हरणं मिळाली ती अशीच.

चालत्या हरणाला थांबवायचं कसं? तोंडाने. शेळीचं करडू ओरडतं तसं, हळू, नाकातून, एकदाच: "म्यॅऽ". हसू नकोस. चालतं किंवा दुडक्या चालीचं हरीण जागीच थांबतं आणि कान तुझ्याकडे करतं. मात्र रायफल आधीच खांद्याला लागलेली हवी, कारण ते आता तुलाच शोधत असतं. दोन-तीन सेकंद मिळतात. उधळलेल्या हरणाला या आवाजाची पर्वा नसते. त्याला जाऊ दे. बऱ्याचदा तेही रानाच्या कडेला पोचल्यावर एकदा थांबून वळून बघतं. थांबलं तर तुझं, नाही थांबलं तर त्याचं.

एक अपवाद आहे, आणि तो कोर्सातही घाईत सांगतात. तुझ्या बाराने जखमी झालेलं हरीण उठून पळायला लागलं, मागे माणूस नाही, रस्ता नाही, घर नाही, तर त्या पळत्या हरणावर दुसरा बार टाक, तिसरा टाक. तिथे सोवळेपणा करायचा नाही. जे दुखणं तू सुरू केलंस ते तूच संपवायचं. पहिला बार टाकल्यावर हरीण पडलं म्हणून नाचायला लागणारे मी पाहिले आहेत. ते उठून गेल्यावर त्यांच्या रायफलीत दुसरी गोळी सरकवलेली नसते. बार काढला की लगेच बोल्ट ओढ, गोळी आत, डोळा हरणावर.

उभ्या हरणावरचा नेमही चुकतो, हे खोटं नाही. हात थरथरतात, श्वास लागतो. पहिल्या हरणाच्या वेळी माझे गुडघे वाजत होते. पण तिथे काय चुकलं ते तुला कळतं आणि पुढच्या वेळी सुधारता येतं. पळत्या हरणावर बरोबर लागलं तरी का लागलं, ते कळत नाही. माझ्या त्या तीन बारांतला दुसराच का लागला, हे मी आजही सांगू शकत नाही.

चुकून वेडावाकडा बार गेलाच, तर माग कसा घ्यायचा तेवढं लक्षात ठेव. रक्त लालभडक, फेसाळ असेल तर फुप्फुस. अर्धा तास थांब, हरीण जवळच पडलेलं असेल. काळपट तांबडं असेल तर यकृत, चार-पाच तास. हिरवं दिसलं किंवा आंबूस वास आला तर घरी जाऊन जेव. पाऊस येवो, काळोख पडो, आत शिरायचं नाही. जिथे शेवटचं रक्त दिसलं तिथे टॉयलेट पेपरचा तुकडा अडकवून ये.

अजून तीन आठवडे आहेत. रेंजवर बाकावर बसून गोळ्या झाडणं आता बंद कर; उभा राहून, गुडघ्यावर टेकून, झाडाला खांदा लावून झाड. स्कोप नऊवर ठेवतोस, तो तीनवर आण. नऊवर जवळचं हरीण म्हणजे नुसती केसांची भिंत दिसते आणि मागचं तर काहीच दिसत नाही. नारिंगी जॅकेट आतल्या स्वेटरवर चढतं का, ते आत्ताच घालून बघ. इथल्या नोव्हेंबरची थंडी तुला अजून माहीत नाही.

हरीण मिळालं तर मागचा एक पाय मला हवा. नागपूरहून आणलेला सावजी मसाला अजून डब्यात आहे, तुझी मामी वाट बघते आहे. नाही मिळालं तरी ये, कोंबडीवर भागवू.

ताईला यातलं ओढ्याचं काही सांगू नकोस. आणि शनिवार-रविवार मी घरीच आहे, या वर्षी सुट्टी टाकून कुठे जात नाही. माग सापडेनासा झाला तर रात्री कितीही वाजता फोन कर. दोन टॉर्च घेऊन दीड तासात पोचतो.

तुझा,
मामा